इडिओपॅथिक

आमच्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला येणारा माणूस मोसंब्यांबरोबर एक कारणही घेऊन येतो. मोसंबी संपतात, कारण घरातच राहतं.

गेल्या थंडीत एका सकाळी चूळ भरताना बायकोच्या तोंडातून पाणी एका बाजूनं ओघळलं. पाहिलं, तर अर्धा चेहरा हलेचना. मी पार घाबरलो. मला पक्षाघातच वाटला. तपासण्यांत तो निघाला नाही. चेहऱ्याची नस सुजलीय, हळूहळू बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले.

पण आदल्या संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून खडकवासल्याला कणसं खायला गेलो होतो आणि बायकोनं कानाला रुमाल बांधला नव्हता. शनिवार पेठेतल्या माझ्या आत्याला एवढं पुरलं. "पन्नाशी उलटल्यावर वारं पीत हिंडायचं म्हणजे दुसरं काय होणार?" धायरीतल्या आमच्या शेजाऱ्यांनीही हेच ठरवलं. ऐकून ऐकून बायकोलाही ते पटलं. बेल वाजली तरी ती दार उघडायला जाईना. "माझंच चुकलं हो," एवढंच म्हणायची. वाकड्या ओठांपेक्षा ह्या वाक्याचा मला जास्त त्रास व्हायचा.

पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरांना विचारलंच, "रुमाल बांधला असता तर?"

"तरीही झालं असतं. ह्याला आम्ही इडिओपॅथिक म्हणतो."

मी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. घरी येताच जाडा शब्दकोश काढला. ग्रीक 'इडिओस' म्हणजे स्वतःचा, 'पॅथोस' म्हणजे व्यथा. पूर्वी हे विशेषण दुसऱ्या कुठल्या दुखण्यातून न आलेल्या, आपल्या आपण उद्भवलेल्या आजाराला लावत. पुढे अर्थ झाला, कारण ठाऊक नसलेला. एरवी मी म्हटलं असतं, अज्ञानाला ग्रीक धोतर नेसवलंय. त्या दिवशी मात्र त्या शब्दाच्या पाया पडावंसं वाटलं. बायकोनं तो अर्थ माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. संध्याकाळी बेल वाजली, तेव्हा दार तिनंच उघडलं.

चेहरा सावकाश जागेवर आला. मग एकदा आत्या आली. बायकोनं चहावर फुंकर मारली. इतके दिवस ती फुंकर ओठाच्या कोपऱ्यातून निसटायची. आज साय सरळ पलीकडच्या काठाला गेली. माझा जीव भांड्यात पडला.

"चला, सुटलीस. आता तरी कानाला रुमाल बांधत जा," आत्या म्हणाली.

"रविवारी आम्ही परत कणसं खायला जातोय, आत्या," बायको ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांनी हसत म्हणाली. "येता का?"