पाटावरचा हत्ती

"काकू, आई गेली," फोनवर नचिकेत एवढंच म्हणाला. रडला नाही. आमच्यासमोर रडायचं त्याने फार पूर्वीच सोडलं होतं, आणि त्यात माझाही हात आहे. ते न सांगता त्याच्या आईबद्दल, मालतीताईंबद्दल लिहिणं म्हणजे ढोंग होईल.

वाशीला आमचे फ्लॅट समोरासमोर होते. नचिकेत पाळण्यात असतानाच त्याचे वडील गेले. ताईंनी एकटीने त्याला वाढवलं. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. आपण मुलगा की मुलगी हे मूल लवकर ओळखतं, पण मुलाने काय करायचं नाही हे ते आपल्या चेहऱ्यांवरून शिकतं, असं त्या सांगायच्या. सोसायटीच्या बालवाडीत कोण मोटार उचलतं, कोण भातुकली, आणि तेव्हा मोठी माणसं कशी बघतात, हे वहीत टिपून घ्यायच्या. मी चिडवायचे, की पोरांचं राहू द्या, आधी आमच्या ह्यांना चहा करायला शिकवा.

नवरात्रात खाली आवारात आमचा भोंडला असे. मध्ये पाटावर हत्ती, भोवती मुलींचा फेर. नचिकेत आठ वर्षांचा होता, त्या वर्षी हत्ती त्याने काढला, ऑइलपेंटने, पाठीवर लाल झूल घालून. पाट मांडला आणि एका मुलीचा हात धरून तोही फेरात शिरला. पहिली हसले ती मी. वर म्हणाले, "घरात बाप नाही ना, म्हणून बायकांत रमतो." सगळ्या हसल्या. ताईंनी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. "मुलगा आहेस ना तू? लाज नाही वाटत?" तो त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला...

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला जवळ घेऊन समजावलं. तो "ठीक आहे" म्हणाला, पण पुन्हा कधी रंगांना हात लावला नाही. घरात पाहुण्यासारखा वावरायचा. दहावी होताच हट्टाने पुण्याला हॉस्टेलवर गेला. ताईंनी बालवाडीत जाणं तर त्या भोंडल्यानंतरच बंद केलं होतं. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं वर्गात शिकवलं गं. घरी एका मिनिटात विसरले..." माझ्या त्या बोलण्याची माफी मागायची ती वेळ होती, पण धीर झाला नाही.

गेल्या आठवड्यात नचिकेत घर आवरायला आला. पलंगाखाली ताईंच्या जुन्या साडीत गुंडाळलेला तो पाट निघाला. झुलीचा लाल रंग तसाच होता. मग मात्र मी सांगून टाकलं, की त्या दिवशी सुरुवात माझी होती.

"माहितीय, काकू," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं काही वाटलं नव्हतं. मी आईकडे बघत होतो."

पाट त्याने नेला नाही. माझ्याकडे भिंतीला टेकवून ठेवलाय, हत्ती भिंतीकडे. काल कामवालीने केर काढताना तो सरळ करून ठेवला. ती गेल्यावर मी पुन्हा फिरवला.