मयताच्या लाइव्हचं कार्ड

कोट्टयमच्या दुकानात ईपनने दोन्ही ग्राफिक्स कार्डं समोर मांडून घेतली, तेव्हाच त्याचं मन कशावर बसलंय हे दुकानदार बिनोयने ओळखलं. एक होतं नवंकोरं, आटोपशीर, एका पंख्याचं. दुसरं कुणीतरी वापरून विकलेलं, तीन पंख्यांचं धूड.

"ईपच्चाया, लहान घ्या," बिनोय म्हणाला. "तीन कॅमेरे आणि दिवसभराचं लाइव्ह, एवढंच ना तुमचं काम? त्याला हे पुरून उरतं. ते मोठं आधी कुणी किती राबवलंय देव जाणे! थंड खोलीत गेम खेळायला ठीक आहे. तुम्ही तर ताडपत्रीखाली उन्हात बसणार."

"आणि पाकळ्या?"

बिनोयने कपाळाला हात लावला.

त्या भागात घरटी एक माणूस परदेशात. मयत झालं की शवागारातून देह घरी आणायच्या आधी लाइव्हवाल्याला निरोप जातो. ईपन हे काम बरीच वर्षं इमानाने करत आला होता. पण पलीकडच्या गावच्या सनीशने पडद्यावर फुलांच्या पाकळ्या बरसवायला सुरुवात केली, कडेच्या चौकटींत दुबईचे नि लंडनचे नातेवाईक रडताना दाखवले, आणि लोक तिकडे वळले. ते ईपनच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"अहो, मेलेल्या माणसाला पाकळ्या कशाला?" बायको सोसम्मा म्हणाली होती. "तोंड नीट दिसलं म्हणजे झालं की!"

"तुला काय कळतंय त्यातलं? सनीशकडे गेलेली माणसं तू आणणार आहेस का परत?"

झालं. धूड घरी आलं. ईपनने खोलीत पंखा लावून ते तासभर चालवून पाहिलं, पाकळ्या झकास पडल्या, गडी खूश. उन्हात ठेवून बघावं, दिवसभर चालवून बघावं, हे काही या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

पहिलंच मयत निघालं शेजारच्या रेचलम्माचं. तिची एकुलती एक मुलगी जिन्सी कुवेतला नर्स. तिला सुट्टी मिळाली नव्हती. तोंड झाकण्याआधी घरचे शेवटचं चुंबन घेतात, त्या वेळी थोडा वेळ वॉर्डातून सोडतो, एवढंच कबूल केलं होतं रुग्णालयाच्या लोकांनी. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"ईपच्चाया, मला बाकी काही नको. तोंड झाकायच्या आधी अम्मच्ची एकदा दिसू दे."

"दिसणार म्हणजे दिसणार, पोरी! शेजारी उभी आहेस असं वाटेल तुला."

चर्चच्या अंगणात ऊन मी म्हणत होतं. शवपेटीभोवती मोबाइल धरून झुंबड उडते म्हणून अच्चनांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रींनी, मोबाइलला सक्त बंदी केली होती. कॅमेरे काय ते ईपनचे. एकेक नातेवाईक वाकून कपाळाचं चुंबन घेऊ लागला. तेवढ्यात कडेच्या चौकटीत जिन्सी आली, अंगावर रुग्णालयाचे कपडे, धाप लागलेली. ईपनने पाकळ्या सोडल्या. चित्र जागच्या जागी थिजलं, कार्डाचे तिन्ही पंखे किंचाळले, आणि पडदा काळा झाला.

ईपनने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा काळा.

सोसम्मा गर्दीतून धावत आली. "अहो, खिशात मोबाइल आहे ना? जिन्सीला व्हिडिओ कॉल लावा नि तोच धरा रेचलम्मासमोर! अच्चनांना मी सांगते."

"थांब गं, येतंय. आलंच आता!"

काय म्हणावं या माणसाला! सगळ्या गावासमोर, सनीशच्या कानावर जाईल अशा दिवशी, मोबाइल धरून उभं राहायची त्याला लाज वाटली.

अच्चन थांबले. त्यांनी मान वळवून विचारलं, "ईपा, झालं का रे?"

"एक मिनिट, अच्चो!"

ते मिनिट काही संपेना. उन्हात म्हातारी माणसं डुलायला लागली. शेवटी अच्चनांनी पांढऱ्या कापडाने रेचलम्माचं तोंड झाकलं. एकदा झाकलेलं तोंड पुन्हा उघडत नाहीत. सकाळपासूनचं चित्रीकरणही त्याच कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि नंतर ती फाइलच उघडेना.

संध्याकाळी जिन्सीचा फोन आला. तिने शिव्या घातल्या असत्या तर ईपनला बरं वाटलं असतं.

"ईपच्चाया, तुम्ही तर तिथेच होता ना. अम्मच्ची कशी दिसत होती?"

"शांत, पोरी. झोपल्यासारखी."

"सगळे तेच म्हणतायत. ते बोलायचं म्हणून बोलतात हो. तुमची तर नजर कॅमेऱ्यातून तिच्यावरच होती. तोंड मिटलेलं होतं का? शेवटी शेवटी मिटायचं नाही तिचं. फार सुकली होती का?"

ईपन सकाळपासून त्या बाईपासून चार पावलांवर बसला होता. उजेड बघितला, आवाज बघितला, कार्ड किती तापलंय ते तर दर घटकेला बघितलं. आता त्याने डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. पाकळ्या आठवल्या. रेचलम्माचं तोंड काही आठवेना.

"ईपच्चाया?"

"मी पाहिलंच नाही गं," तो म्हणाला.

तिकडे जिन्सी रडायला लागली, आणि फोन ठेवावा की तसाच कानाला धरून बसावं, हेही त्याला कळेना.