पोचल्याचा फोन येईपर्यंत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आई गेल्यावर तिनेच मला सांभाळलं. श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये सुपाऱ्या सोलून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पुढे बेंगळुरूला नोकरी लागली.

आत्याचा एक नेम आहे. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत ती जेवत नाही. मी महाडला कॉलेजात होतो तेव्हा ते निभावून गेलं. आता तिला साखर आहे. सकाळची गोळी घेतल्यावर पोट रिकामं राहिलं की तिला घाम सुटतो, हात कापतात. म्हणून नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी मी तिला मोबाइलवर दाखवलं: मुंबई ते बेंगळुरू, साडेआठशे किलोमीटर, विमानाने पावणेदोन तास.

"म्हंजे महाडपेक्षा जवळच की," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. घरापासून विमानतळापर्यंतचं अंतर मोबाइलने दाखवलं नव्हतं, मीही काढलं नाही.

पहाटेच्या एस.टी.ने निघालो. माणगावला गाड्यांची रांग लागली होती, तिथेच तासभर गेला. विमानतळावर कसाबसा वेळेत पोचलो, तर विमानालाच उशीर. किती, ते कोणी नीट सांगेना. फलकापाशी जायचो, परत येऊन बसायचो, पुन्हा उठायचो. दुपार टळत आली. शेवटी राहवेना, फोन लावला.

"आत्या, पोचलो. जेव आता."

"पोचलास? कसं हाय तिथं?"

"बरं हाय. थंड हाय जरा."

तेवढ्यात डोक्यावर घोषणा सुरू झाली. बेंगळुरूच्या प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

"ती कोन बाई माफी मागतेय?"

मी फोनवर तळहात धरला.

"मुंबैतच हायेस न्हवं? एवढा शिकलास, पन खोटं बोलाया न्हाय शिकलास."

"आत्या, तू जेव. हात कापत असतील तुझे."

"कापूदेत. तू पोच."

तिने फोन ठेवला.

माझा तो पहिलाच विमानप्रवास. खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. बंद केलेला फोन हातात धरून बसलो होतो. चाकं टेकली तशी तो चालू केला.

"आता खरंच पोचलो."

"व्हय," एवढंच ती म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. मग ताट ओढल्याचा आवाज आला.

आत्याशी फोनवर वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. म्हणून त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. ती अक्षरं जुळवत सावकाश वाचते.

ती. आत्यास सप्रेम जय भीम.

तुला पावणेदोन तास सांगितले, ते नुसते आकाशातले होते. घरापासून इथल्या खोलीपर्यंत सबंध दिवस जातो. तेवढा वेळ तू उपाशी राहिलीस तर मला इथे नोकरी करता येणार नाही. नेम मोडू नकोस, थोडा बदल. पुढच्या वेळी निघताना मला भाकरी बांधून दे. माणगावला एस.टी. थांबली की मी फडकं सोडीन आणि तुला फोन करीन. तू तुझं ताट घे. मी घास घेतला असं सांगितलं की तूही घास घे. मागे गाड्यांचा आवाज येईल, तो माणगावचाच असेल.