फाटकाचा पत्रा

माझ्या घराला सध्या फाटक नाही. दोन सिमेंटचे खांब उभे आहेत आणि मध्ये मोकळी हवा. येणारा-जाणारा विचारतो तेव्हा बायको सांगते, वेल्डिंगला दिलंय. खोटं आहे. फाटक मी स्वतः उखडलं आणि कारखान्याच्या दारात नेऊन टाकलं. का, ते लिहितो. लिहिताना राग आवरत नाही आणि आवरायची इच्छाही नाही.

आमची वस्ती यवतमाळच्या बाहेर, विमानतळाच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे, धावपट्टीच्या कडेलाच कारखाना. तिथे विमानातल्या खुर्च्यांचे सांगाडे, पट्ट्या, चकत्या असं सुटं सुटं काहीबाही बनतं. कारखाना आला आणि त्याच्यामागून माणसं आली. मी बोरी अरबहून आलो. कोणी राजूरच्या खाणीतली काळी धूळ सोडून आला, कोणी तेलंगणातून, कोणी पार बिहारमधून. बाजूच्या बंजारा तांड्यावरची पोरं शेती भावाकडे देऊन पाळीवर येऊ लागली. मशिदीमागच्या गल्लीत राहणारे बरेचसे आधी गॅरेजमध्ये होते, ते कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर लागले. भांडणं झाली, सोयरिकी झाल्या, पाण्याच्या टँकरवरून डोकी फुटली. वस्ती अशीच होते.

पण एक गोष्ट सगळ्या घरांत सारखी होती, ती म्हणजे भोकांचा पत्रा. प्रेस ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यातून चकत्या कापून काढते आणि मागे उरते ती गोल भोकांची जाळी. हलकी, कधी न गंजणारी. आधीचे मॅनेजर स्वतः म्हणायचे, "घेऊन जा रे, भंगारात घालण्यापेक्षा तुमच्या घराला लागू द्या." सुटी झाली की लोक पत्रा सायकलला बांधायचे आणि दारावरचा गार्ड दोरीची गाठ आवळून द्यायचा. मशिदीच्या खिडकीला हा पत्रा, बुद्धविहाराच्या झरोक्याला हा, तांड्यावरच्या देवळाच्या दाराला हाच. दुपारी कुठेही आत बसा, फरशीवर उन्हाचे तेच गोल ठिपके. माझ्या फाटकालाही हाच होता. शेजाऱ्याने कोंबड्यांचं खुराडं केलं होतं, त्यालाही.

हा शेजारी प्रेसवर काम करायचा. माझं फाटक त्यानेच बनवून दिलं होतं. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, म्हणून पत्र्याची प्रत्येक कड त्याने आत वळवून ठोकून घेतली होती. मजुरी विचारली तर म्हणाला, "शेवया खाऊ घाल वहिनीच्या हातच्या. आमच्या घरच्या ईदला खाऊन कंटाळा आला बाप्पा."

मग कारखान्याचं व्यवस्थापन बदललं. नवा साहेब आला आणि नियम आला की यापुढे कुठलाही तुकडा बाहेर जाणार नाही. मी माल तपासणीत आहे, मला हा नियम कळतो. टाकाऊ तुकडा फिरून पुन्हा विमानात पोचला तर माणसं मरतील. पण तो नियम त्या दिवसापासून पुढे लागायला हवा होता. आधीच्या साहेबाने हातात दिलेली वस्तू नव्या साहेबाने चोरी ठरवायची, हे कुठल्या देशात चालतं?

त्याच साहेबाने हातमोजे बंद केले. ताज्या कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. प्रेसवरच्या प्रत्येकाच्या अंगठ्याखाली तोच आडवा काप. जेवणाच्या सुटीत सगळ्यांनी माझ्या शेजाऱ्याला पुढे केलं. "भाई, तूच बोल. तुह्या तोंडाले धार आहे."

तो बैठकीत उभा राहिला. "साहेब, विमानात बसणाऱ्याले तुम्ही पट्टा बांधून देता. तो पट्टा अडकवाची पट्टी कापणाऱ्याच्या हाताले एक कापडबी नाही काय?"

सगळे हसले. साहेबही हसला. ते हसू कसलं होतं हे मला तिथेच कळायला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात सकाळी साहेबाने मला जीपमध्ये बसवलं. मागे दोन गार्ड. म्हणाला, "तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, माल आपला आहे की नाही." मला वाटलं एखाद्या भंगारवाल्याकडे चाललोय. जीप माझ्याच गल्लीत वळली आणि माझ्याच दारासमोर थांबली. वाटलं, आलं माझ्यावर. साहेब खाली उतरला, माझ्या फाटकाला पाठ टेकून उभा राहिला आणि बोट शेजाऱ्याच्या खुराड्याकडे केलं.

"हा पत्रा आपला?"

साहेबाची पाठ ज्याला टेकली होती तोही आपलाच होता. समोरच्या पाण्याच्या टाकीवरचा आपलाच, गल्लीच्या टोकापर्यंत दिसेल तो प्रत्येक आपलाच. माझी बायको तेच फाटक उघडून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. साहेब पाणी प्याला. शेजारी बनियनवर ओट्यावर उभा होता. त्याने माझ्या फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. तो बोलला नाही.

मी म्हणालो, "हो."

कोंबड्या अंगणात सोडून गार्डांनी खुराडं उचकटलं. त्याची बायको म्हणत होती, "अहो, पत्रा न्या, पण सांगाडा तर माह्या बापाच्या लाकडाचा आहे." कोणी ऐकलं नाही. त्याच दिवशी त्याला कामावरून थांबवलं. सोमवारी चौकशी होणार होती.

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. तो गप्प का राहिला? त्याने बोट दाखवलं असतं तर मला चोर म्हणायची साहेबाची हिंमत झाली नसती आणि मग त्यालाही म्हणता आलं नसतं. त्याच्या गप्प बसण्याने मी वाचलो, आणि वाचवणाऱ्यावरच चिडलो. इतका हलका माणूस आहे मी.

मग मी वस्तीत फिरलो. म्हटलं, सोमवारी आपण सगळे आपापला पत्रा घेऊन दारात जाऊ. एवढ्या घरांचा पत्रा पडला तर साहेब किती जणांना काढेल?

एक म्हणाला, "भाऊ, तुमची नोकरी परमनंट. आमची ठेकेदाराची. तुम्ही मिरवा."

दुसरा म्हणाला, "विहाराचा तर आम्ही कालच काढून ठेवला. कायले लफडं?"

मशिदीत गेलो तर तिथल्या खिडकीला हिरवी नेट लागलेली. देवळाचं दारही गेलं होतं. वस्तीने दोन दिवसांत स्वतःला सोलून काढलं होतं. हातमोज्यांसाठी ज्यांनी त्याला पुढे ढकललं तेच मला म्हणत होते, "त्याले कोण सांगितलं होतं एवढं बोलाले?" अशा वेळी माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी मारली नाही. माझा हात कोणत्या तोंडाने उठणार होता?

सोमवारी मी फाटक काढलं आणि ऑटोत टाकून नेलं. कारखान्याच्या दारात माझ्याआधी एकच माणूस बसलेलं होतं. तांड्यावरची म्हातारी. तांड्यात आईला याडी म्हणतात, आम्ही सगळेच तिला याडी म्हणतो. तिने बकऱ्यांच्या गोठ्याचं दार डोक्यावरून आणलं होतं.

"याडी, तू काहून आली?"

"तूच सांगत फिरत होता ना? मले वाटलं जत्रा असीन. इथं तर तू आन मी."

"त्याच्यासाठी आली?"

"माह्या लेकाचा हात मशीनमदी गेलता, तवा यानंच सरकारी दवाखान्यात नेलतं. आता पाय दुखून राह्यले, कोणाले बोलवाचं ते बोलाव लवकर."

साहेब बाहेर आला. मी सांगितलं, हे माझ्या घरचं फाटक, पत्रा इथलाच, माझीही चौकशी करा. त्याने फाटकाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं वेगळं आहे. तुम्ही स्टाफ आहात. उगाच भावनेच्या भरात काही करू नका." मग गार्डला म्हणाला, "हे दोन्ही आत घे, आणि या बाईला इथून उठव."

माझं वेगळं काय होतं? आडनाव वेगळं होतं. मी हातमोजे मागितले नव्हते. मी जीपमध्ये बसून 'हो' म्हणालो होतो. तो 'हो' त्यांनी घेतला आणि चौकशीत वाचून दाखवला. नंतरचं माझं बोलणं कोणी लिहूनही घेतलं नाही. शेजाऱ्याची नोकरी गेली.

याडी उठता उठता म्हणाली, "त्याचं काम गेलं, माह्या बकरीचं दार गेलं. तुहं काय गेलं रे?"

आता तो पांढरकवड्याला हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये ट्रकखाली झोपून काम करतो. रविवारी घरी येतो. एकदा माझ्या मोकळ्या खांबांपाशी थांबला. मी म्हणालो, "त्या दिवशी तू बोलला का नाहीस?"

"तुह्या पोरीची बारावी होती ना," तो म्हणाला. "दोन घरं कायले बसवाची? मले वाटलं तू बोलशीन." मग खांब हलवून पाहिला. "पाइप आणून ठेव. पुढच्या येळी आलो की फाटक मारून देतो."

मी पाइप आणले नाहीत. आणणार नाही. त्याच्या हातून दुसरं फाटक करून घेण्याइतका निर्लज्ज मी अजून झालेलो नाही. कारखान्यात मात्र रोज जातो, तेवढा झालोय. मागच्या महिन्यात तिथे हातमोजे वाटले. सगळ्यांनी घातले. कोणी त्याचं नाव काढलं नाही. मी काढलं, तर प्रेस सुरू झाली आणि आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही, किंवा तसं दाखवलं.

याडीला बांबूचं दार करून दिलं. तिला ते पसंत नाही. बकरी खाते म्हणते.

शेजारच्या कोंबड्यांना खुराड्याची सवय होती. आता त्या दिवसभर सुट्या असतात, फाटक नसल्याने माझ्या अंगणात शिरतात आणि बायकोची मेथी उकरतात. बायको चिडते, पण हाकलत नाही. संध्याकाळी त्याची बायको त्यांना न्यायला येते. माझ्याशी ती त्या दिवसापासून बोललेली नाही. मी ओट्यावर बसलेलो असलो तर कोंबड्यांशी बोलते.

"चला, निंघा. दार नाही म्हून कोणाच्याबी घरात जाता काय?"

मी उठून एक कोंबडी पकडतो आणि तिच्याकडे देतो. ती घेते.