आपोआप लागणारा फोन

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मला एका जागी बसवत नाही. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि मी तिथे पोलीस अधिकारी होतो. एका सरकारी कार्यालयातली बदल्यांची यादी आदेश निघण्याआधीच फुटली, एकदा नाही, तीनदा. वरून फोन आला, "दोन दिवसांत माणूस हवा."

त्या कार्यालयातल्या एका शिपायानं खबर दिली होती. यादी टाइप होते त्याच दिवशी त्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटला फोन लागतो, असं त्याचं म्हणणं. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं आणि जोडताना एक छोटा डबा कर्कश किरकिरायचा. मी टेलिफोनच्या नोंदी मागवल्या. तारखा तंतोतंत जुळल्या. टाइप करणाऱ्या बाई एकच. मला वाटलं, निम्मं काम झालं.

बाई मूळच्या नागपूरकडच्या, बौद्ध घरातल्या. नवरा वारलेला, दोन पोरी शिकत होत्या, घर त्यांच्या पगारावर. निलंबनाचा कागद तयारच होता, फक्त माझ्या अहवालाची वाट होती.

चौकशीला गेलो तेव्हा बडे बाबूंनी, म्हणजे तिथल्या मुख्य कारकुनांनी, चहा सांगितला. सदर बाजारातला जुना, गोड माणूस. मला नव्या क्वार्टरमध्ये सामान हलवायचं होतं, म्हणून सहज चांगला दिवस विचारला. ते बाईंच्या खुर्चीवर बसले आणि कॉम्प्युटरवरचं पंचांग उघडलं. "हव साहब," त्यांनी तिकडच्या बोलीत होकार भरला, "बुधवार बढ़िया है." तेवढ्यात डबा किरकिरला. मी वळून पाहिलं ते कपाटाशी उभ्या असलेल्या बाईंकडे! मनात आलं, हिनं काहीतरी आधीच लावून ठेवलंय.

ठाण्यात महिला शिपायासमोर त्यांचा जबाब घेतला.

"फोन कोणाला लावता?"

"मी काहून लावू, साहेब? मले इंटरनेट उघडताबी येत नाही. मी बाजूला दुसरं काम करून राहिली असते अन् तो डबा आपोआपच ओरडते."

"खरं सांगा. पोरींचा विचार करा."

"पोरींचाच विचार करून राहिली. मशीन उघडा ना सगळ्यांसमोर!"

दुसऱ्या दिवशीही तेच प्रश्न, तीच उत्तरं. खोटं बोलणारा माणूस जबाबात रंग भरत जातो. या बाईंचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो. शेवटी चौबे कॉलनीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला घेऊन त्या कार्यालयात गेलो.

तो म्हणाला, "साहब, अंदाजा नहीं. एक-एक प्रोग्राम खोलेंगे." टायपिंगचा उघडला, डबा गप्प. चित्रांचा उघडला, गप्प. पंचांग उघडलं आणि डबा किरकिरला. बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. मग त्यानं तार उपटली, तेव्हा पडद्यावर पंचांगाचीच तक्रार आली, 'नवी माहिती आणता आली नाही.' उघडलं की ते स्वतःच ते बनवणाऱ्या कंपनीकडे फोन लावत होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी पंचांग चालत नाही, साहेब. हे बडे बाबू पाहतात, यादी आली की."

यादी आली की? मी बडे बाबूंना समोर बसवलं. ते जराही घाबरले नाहीत, उलट फुशारकीनंच बोलले. "किसी का बुरा थोड़े किया साहब! बेचारा बीरगांव जा रहा है, तो शुभ दिन में जाए." यादीतल्या प्रत्येकाला ते बोलावून कानात सांगत, तुझी बदली अमुक ठिकाणी, तमुक वारी हजर हो. यादी फुटत होती ती अशी. मला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना.

निलंबनाचा कागद रद्द झाला. मी स्वतः बाईंना सांगायला गेलो. त्यांनी आभार मानले नाहीत.

"दोन दिवस तुम्ही मलेच विचारलं. तो डबा तुमच्यासमोर ओरडला, तवा खुर्चीवर कोण होतं?"

खबर खरी होती, नोंदी खऱ्या होत्या. पण एकदा संशयित ठरला की पोलीस समोरचंही पाहत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

सामान मी बुधवारीच हलवलं होतं. तो दिवस कुणी, कुठल्या कॉम्प्युटरवर काढून दिला, हे मी अहवालात लिहिलं नाही.