फडावरची कडुनिंबाची डहाळी

दाराला बांधलेली ती डहाळी मी सोडली. इतकी वर्षं लोक मावशीवर जो ठपका ठेवत आले, तो माझ्या वाट्याचा होता.

त्या उन्हाळ्यात मी बावीस वर्षांचा होतो आणि तेंदूपानाच्या एका फडावर ठेकेदाराचा मुन्शी, म्हणजे हिशेब ठेवणारा, होतो. फड म्हणजे जंगलात साफ केलेलं मोकळं मैदान. आसपासच्या गावांतली माणसं पहाटे पानं तोडायची, पुडकी बांधायची आणि दुपारनंतर आणून द्यायची. ती पुडकी उन्हात ओळीनं मांडायची, उलटवायची, पुरती वाळली की पाणी शिंपडून नरम करायची आणि पोत्यांत ठासून भरायची. वाळत असताना पाऊस पडला तर पान काळं पडतं आणि विडीच्या कामाचं राहत नाही. म्हणून वैशाखभर माझी नजर आभाळाकडे लागलेली असे.

पोती भरायला गोंडपिपरीकडची आठ माणसं होती. त्यांतली एक बाई सगळ्यांचा स्वयंपाक करायची आणि नाल्यावरून पाणी आणायची. तिच्यासोबत अठरा वर्षांचा भाचा होता, म्हणून सगळे तिला मावशीच म्हणत. मोहाखालची तिची झोपडी थंड, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा माठही तिथंच असे.

"मुन्शीभाऊ, आभाळ पाहू पाहू मान वाकडी झाली तुमची," ती म्हणायची. "पोरगी दाखवाले नेलं तं बाप म्हणन, हा जावई छताकडेच पाह्यते."

एक दिवस भाच्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला झोपडीपाशी बोलावलं, पण दारातच थांबवलं.

"माता आली त्याच्या आंगात," ती हळू आवाजात म्हणाली. "कपाळावर दाणे दिसून राह्यले. आता इथी कोणाले येऊ देऊ नका."

तिनं कडुनिंबाची डहाळी आणली आणि पळसाच्या मुळीच्या दोरानं दाराच्या उजव्या मेढीला बांधली. सगळ्यांसाठी दुसरा माठ लांब झाडाखाली ठेवला. आपल्याकडे त्या डहाळीचा अर्थ कुणाला सांगावा लागत नसे. ती दिसली की माणूस बाहेरूनच हात जोडून मागे फिरायचा. घरातलं कुणी बाहेर जात नसे, फोडणी बंद, पायात चप्पल नाही. मी मॅट्रिक झालो होतो. या सगळ्याला मी मनातल्या मनात अडाणीपणा म्हणत होतो. देवीचा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो हे मात्र मला शाळेत शिकवलेलं होतं. माझ्या दंडावर लस टोचल्याचे दोन गोल वण होते. मला भीती नव्हती.

भीती होती ती पानांची. डहाळी पाहून दोन माणसं त्याच दिवशी गावी निघून गेली. अर्ध्या फडावर पान वाळून तयार पडलेलं, आणि दक्षिणेकडे दुपारी ढग जमू लागलेले. ठेकेदाराचा निरोप आला, उद्या ब्रह्मपुरीकडून चार माणसं येतील, एकही परत गेला तर तुम्ही जबाबदार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नाल्यावर गेली होती. बाकीचे फडाच्या दुसऱ्या टोकाला पोती भरत होते. वाटेवर चार माणसं येताना दिसली तेव्हा मी झोपडीपाशी गेलो. गाठ घट्ट होती. एका हातानं सुटेना, दोन्ही हात लावावे लागले. डहाळी मी चुलीत घातली आणि मनाशी म्हटलं, माणसं कामाला लागली की संध्याकाळी दुसरी बांधू.

ती चौघं तहानलेली होती. मी त्यांना लांबच्या माठाकडे नेणार होतो. पण त्यांना आधी सावली दिसली आणि ते सरळ झोपडीत शिरले. मी दहा पावलांवर उभा होतो. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आतून आवाज आला. "अरे, हा कोण पडला इथी? कोणाचा लेक आहे बापा?"

"आंगावर दाणे दिसून राह्यले," दुसरा म्हणाला.

"घामोळ्या असतीन. दारावर डहाळी कुठी आहे?"

पहिला माणूस चाळिशीचा, धिप्पाड होता. त्यानं आपल्या दुपट्ट्यानं पोराचं तोंड पुसलं, त्याला पाणी पाजलं आणि उरलेलं त्याच भांड्यातून स्वतः प्यायला.

मावशी परतली तेव्हा चौघं झोपडीतच बसलेले. डोक्यावरची घागर तशीच धरून ती दाराच्या मेढीकडे पाहत राहिली.

"डहाळी कुठी गेली?"

"वाऱ्यानं गेली असेल," मी म्हणालो.

त्या दिवशी वारा नव्हता. तिनं माणसांना बाहेर काढलं, दुसरी डहाळी बांधली. चौघं माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, कांजण्या आहेत, घाबरू नका. ते राहिले. पान पोत्यांत गेलं. पाऊस आला तो सगळं भरून झाल्यावर चार दिवसांनी.

पण मला झोप लागत नव्हती. रोज सकाळी मी त्या चौघांचे चेहरे पाहायचो. बारा दिवस काही झालं नाही. तेराव्या दिवशी, शेवटच्या पोत्यांची शिवण चालली असताना, तो धिप्पाड माणूस म्हणाला, "कंबर लय दुखून राह्यली." तेव्हा कुठं मी तालुक्याला लस टोचणाऱ्यासाठी माणूस धाडला. तो येईपर्यंत दुसराही आजारी पडला. दुसरा वाचला. दुपट्टेवाला वाचला नाही.

लोक मावशीभोवती जमले. झोपडीत तिच्याशिवाय कुणी जात नव्हतं, मग डहाळी काढली कुणी? तिनंच मातेचा अपमान केला, म्हणून माता कोपली. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना.

ती माझ्याकडे वळली. "मुन्शीभाऊ, तुम्ही तं होते इथी. सांगा न या लोकायले."

"मी पुडकी मोजत होतो," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

ती भाच्याला घेऊन पायी गावाकडे गेली. पोर उठून चालू लागलं होतं, चेहराभर व्रण घेऊन. ही गोष्ट तिच्या आधी गावात पोचली होती. पुढं तिला लग्नकार्यात पाण्याला हात लावू देत नसत, असं मी ऐकत राहिलो, आणि दर वेळी गप्प बसलो.

मावशी वारून आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी भाच्याच्या घरी गेलो. तोही म्हातारा झाला आहे. वर लिहिलं आहे ते त्याला वाचून दाखवलं. तो तंबाखू मळत ऐकत होता. मळणं थांबलं नाही.

"तिची गाठ मलेही कधी सुटे नाई," शेवटी तो म्हणाला. "वाऱ्यानं सुटली म्हणाले तुम्ही, तवाच तिले समजलं होतं."

"मग बोलली का नाही?"

"मुन्शीच्या पुढं तिचं कोण आयकलं असतं?" त्यानं तळहातावरचा चुरा झटकला. "मले काऊन सांगता आता. तिची लेक ब्रह्मपुरीले आहे. माय पापी होती म्हणून तिचं पहिलं लगन मोडलं. तिले वाचून दाखवा. चार माणसं बोलावून दाखवा."

तिला एक लेक होती हे मला माहीत नव्हतं. उद्या सकाळच्या गाडीनं ब्रह्मपुरीला निघतो आहे. कागद पिशवीत ठेवले आहेत. ती मला दारात उभं करील की नाही, हे ठाऊक नाही.