कपाळाला लावलेलं तेल
खोबरेल तेलाचा वास आला की मुखेडजवळचं ते पत्र्याचं घर आठवतं. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळाला मी तेल लावलं, प्रार्थना केली. त्याची बायको म्हणाली, "पास्टर, गाडीवर दवाखान्यात नेता का यांना?" मला लातूरच्या सभेत सुवार्तेवर बोलायचं होतं, उशीर होत होता. "प्रभू बरं करील," म्हणालो आणि निघालो. सभेत पापक्षमा, तारण, सार्वकालिक जीवन, सगळं छान सांगितलं. आठवड्याने परत गेलो तर ती एकटीच दारात बसलेली. "मालक गेले," ती म्हणाली. "पर प्रार्थना लई चांगली केलती तुम्ही." आवाजात राग नव्हता. आजही सुवार्तेत काय काय येतं असं कुणी विचारलं, की तोंडपाठ उत्तराआधी मला माझ्या गाडीची रिकामी मागची सीट दिसते.